हॅमस्टरचा पिंजरा किती वेळा धुवायचा, आणि तो रात्रभर जाळी का चावतो?

त्रिमूर्तीनगरकर | ४ एप्रिल, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. सीरियन हॅमस्टर, नर, वय साधारण चार महिने, एकटाच. दुकानातून मिळालेला तारेचा पिंजरा ४५ × ३० सेंमी, खाली प्लास्टिकचा ट्रे, त्यात दोन बोटं लाकडाचा भुसा. दर रविवारी सगळं रिकामं करून ट्रे साबण आणि थोड्या फिनाइलने धुतो आणि नवा भुसा घालतो. तरी गुरुवारपर्यंत वास सुटतो. रात्री अकरानंतर तो तारा चावायला लागतो, ते पहाटेपर्यंत थांबत नाही. चाक आहे, शिडी आहे, तरी कंटाळलेला दिसतो.

सफाई किती दिवसांनी आणि कशाने करावी, आणि त्याला गुंतवून ठेवायला काय द्यावं? पुढे मे महिना आहे, तेव्हा उन्हाळ्याचंही सांगा.

गोकुळपेठी | ४ एप्रिल, रात्री ९:४०

उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा धुवा. पाण्यात जंतुनाशकाचं एक झाकण टाकायचं, वास राहत नाही. चावायला लाकडाचा ठोकळा द्या.

रातकिडा | ४ एप्रिल, रात्री १०:२५

गोकुळपेठी, इथे मी पूर्ण असहमत आहे. धुणं वाढवलं की वास वाढतो. हॅमस्टरची नजर अधू असते, त्याचं घर वासावर चालतं. सीरियनच्या दोन्ही कुशींवर, मांडीच्या जरा वर, एकेक काळसर ग्रंथी असते. ती भिंतींना घासून तो जागेवर आपली खूण ठेवतो. रविवारी सगळ्या खुणा पुसल्या की सोमवारपासून त्याला पुन्हा सुरुवात करावी लागते. मग तो आधीपेक्षा जास्त घासतो आणि एका कोपऱ्याऐवजी चार ठिकाणी मुततो. ट्रेमध्ये दोनच बोटं भुसा असला तर मूत्र शोषायला काही उरत नाही, ते प्लास्टिकवर साचतं. जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि गुरुवारचा वास तोच. माणसाच्या नाकाला तो जाणवेपर्यंत खाली तळाशी बसलेल्या प्राण्याची श्वासनलिका केव्हाच चुरचुरायला लागलेली असते.

त्रिमूर्तीनगरकर, फिनाइल आजच बंद करा. काळं फिनाइल फिनॉलवर्गी द्रव्यांचं, पांढरं पाइन तेलाचं, दोन्ही या प्राण्याला नकोत. घरगुती जंतुनाशकांपैकी बरीच याच कुळातली. रोजच्या सफाईला जंतुनाशक लागतच नाही. ट्रेवर पांढरा खरखरीत थर बसतो तो मूत्रातल्या क्षारांचा. त्याला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. थर जिद्दी असला तर पुन्हा एकदा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो.

रोजचं काम एवढंच: संध्याकाळी तो उठला की ओला कोपरा चमच्याने काढायचा, मूठभर निघतो, तिथे कोरडं भरायचं. कालची काकडी, गाजर शोधून काढायचं. कोरड्या लेंड्यांच्या मागे लागू नका. त्यातल्या काही तो स्वतः खातो आणि ते त्याच्या पोषणाचाच भाग आहे.

त्रिमूर्तीनगरकर | ४ एप्रिल, रात्री १०:४१

म्हणजे पूर्ण सफाई कधीच नाही? दोन बोटं भुशात हे कसं जमेल?

उकाडा | ४ एप्रिल, रात्री ११:३०

नाही जमणार. तुमचे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. पिंजरा लहान आणि अंथरूण उथळ, म्हणून वासही येतो आणि जाळीही चावली जाते. लाकडाचा ठोकळा देऊन यातलं काही सुटत नाही. ठोकळा दातांसाठी चांगला, पण तार चावणं हे दातांचं दुखणं नाहीच.

सीरियन हॅमस्टर मूळचा सीरियातल्या हलब (अलेप्पो) शहराच्या आणि दक्षिण तुर्कस्तानच्या शेतांमधला. तिथे खणून पाहिलेली त्याची बिळं ३६ ते १०६ सेंमी खोल निघाली. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी २००६ साली अंथरुणाच्या खोलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही हॅमस्टरना १० सेंमी, काहींना ४० आणि काहींना ८० सेंमी अंथरूण दिलं होतं. १० सेंमीवाल्यांनी तारा सगळ्यात जास्त चावल्या आणि चाकही सगळ्यात जास्त पळवलं. ८० सेंमीवाल्यांनी तार चावलीच नाही. चाकावर वेड्यासारखा धावणारा हॅमस्टर खूश असतो ही समजूतसुद्धा त्यावरून तपासून घ्यावी.

घरी ८० सेंमी कुणी देणार नाही. पण ओट्याची जागा १०० × ५० सेंमी आणि एका बाजूला २५ ते ३० सेंमी अंथरूण, एवढं जमवण्यासारखं आहे. अंथरूण दुसऱ्या बाजूला उतरत १० सेंमीवर आणायचं, तिथे चाक, पाणी, वाळूचं भांडं. इतकं अंथरूण असलं की मूत्र एका ठिकाणी शोषलं जातं, बाकीचा ढीग कोरडा राहतो. मग पूर्ण सफाई लागत नाही. चार ते सहा आठवड्यांनी साधारण एक तृतीयांश अंथरूण बदलायचं, तेही घरट्याचा भाग न हलवता, आणि नवं जुन्यात मिसळायचं. सगळं एकदम फेकायची वेळ दोनच कारणांनी येते: संसर्ग झाला किंवा उवा-किडे पडले.

शंकाकुशंका | ५ एप्रिल, सकाळी ८:०५

ओट्याची जागा?

उकाडा | ५ एप्रिल, सकाळी ८:१९

तळाची सलग जागा म्हणायचं होतं. मजल्यांची बेरीज धरायची नाही. तीन मजली पिंजऱ्याचा मधला मजला म्हणजे हॅमस्टरला फक्त पडायची सोय. त्याला उंचीचा अंदाज येत नाही.

तर्रीपोहे | ५ एप्रिल, सकाळी १०:५०

एवढा भुसा म्हणजे खर्चाचं काम आहे भाऊ. लकडगंजात आरामशीनवर पोतंभर भुसा मिळून जाते, तो काहून नाही चालत? अन् आता कूलरचा सीझन सुरू झाला, ताट्यांमधलं ते लाकडी गवत सगळीकडे विकून राहिले, ते पसरवून दिलं तर?

मोहफूल | ५ एप्रिल, दुपारी १२:३५

दोन्ही नको, आणि कारणं वेगवेगळी आहेत.

आरामशीनचा भुसा म्हणजे बारीक धूळ. हॅमस्टर त्यात नाक खुपसून राहतो, शिंका आणि छातीची घरघर ठरलेली. शिवाय आपल्याकडे आरामशीनवर सागवान भरपूर चिरलं जातं. सागाची धूळ माणसालाही त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, सुतार सांगतील. त्यात वाळवीचं औषध मारलेली लाकडं, प्लायचे तुकडे काय मिसळलंय कळत नाही. देवदार, चीड ही राळ असलेली लाकडंही टाळायची, त्यांचा छान वाटणारा वास हाच त्रास असतो.

कूलरच्या गवताचे धागे लांब आणि चिवट. पायाला, मानेला गुंडाळले की रक्त थांबतं. लाकूड कोणतं तेही माहीत नसतं. वाळ्याच्या ताटीचंही तेच, वास तीव्र. याच कारणाने दुकानात मिळणारा कापसासारखा मऊ ‘बिछाना’ घेऊ नका. धागा गालाच्या पिशवीत अडकतो, गिळला तर आतडं तुंबतं.

चालतं काय? कागदी लगद्याचं अंथरूण सगळ्यात सोयीचं. अॅस्पेन लाकडाचे धूळविरहित काप चालतात. स्वस्तात करायचं तर निम्मं कागदी अंथरूण, बाकी बिनवासाचा, न छापलेला टिश्यू किंवा टॉयलेट पेपर फाडून, आणि कोरडं गवत पाच सेंमीच्या तुकड्यांत. ओला झालेला छापील कागद शाई सोडतो, पोटाचे केस काळे होतात. तेव्हा वर्तमानपत्र पिंजऱ्याच्या खाली घाला, आत नको.

हिशोब सांगते. १२० × ४५ सेंमी तळ आणि सरासरी २० सेंमी खोली धरली तर १०८ लिटर. पाकिटावर फुलवल्यानंतरचं घनमान लिहिलेलं असतं, आणि दाबून भरायचं असल्याने प्रत्यक्षात त्याच्या सव्वापट लागतं. दाबणं महत्त्वाचं आहे. भुरभुरीत ढिगाऱ्यात बीळ टिकत नाही, तो खणतो आणि छत कोसळतं. दर पाच सेंमीला हाताने दाबा, मध्ये गवताचा पातळ थर द्या. पुठ्ठ्याची नळी तिरकी खुपसून ठेवा, तिच्या टोकापासून तो पुढे खणायला लागतो.

जाईजुई | ५ एप्रिल, दुपारी ४:१०

नवा प्रश्न. एकटेपणामुळे कंटाळतो म्हणून जोडीला दुसरा आणला तर? दुकानात तर एका पिंजऱ्यात आठ-दहा असतात.

रातकिडा | ५ एप्रिल, दुपारी ४:२२

कृपया नको. दुकानातली पिल्लं असतात. सीरियन साधारण आठ-दहा आठवड्यांचा झाला की त्याला दुसरा हॅमस्टर सहन होत नाही, आणि बंद जागेत ती मारामारी जीव जाईपर्यंत चालते. नर-मादी ठेवली तर सोळाव्या दिवशी पिल्लं. बुटक्या जाती थोड्या मिळत्याजुळत्या म्हणतात, पण त्यांचंही केव्हा बिनसेल सांगता येत नाही, म्हणून एक जीव एक घर. त्याला सोबत नको असते, जागा आणि काम हवं असतं.

वर्धारोड | ५ एप्रिल, रात्री ९:०२

सगळे काचेची टाकी सुचवणार असं दिसतंय. नागपुरात, मे महिन्यात? काचेच्या पेटीत हवा कोंडते. तारेचा पिंजरा निदान हवेशीर तरी असतो. आधी जीव वाचवा, मग बिळं.

उकाडा | ५ एप्रिल, रात्री १०:१५

वर्धारोड, मुद्दा रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. टाकी उघड्या तोंडाची असते, वर काच ठेवायची नाही, जाळीची चौकट ठेवायची. उंची ४५ सेंमीपेक्षा जास्त असली आणि रुंदी कमी असली तर तळाशी हवा खेळत नाही, म्हणून उंच-अरुंद टाकी नको, पसरट हवी. ४ × १½ × १½ फूट, ५ मिमी काच. पाणी भरायचं नसल्याने गळकी जुनी टाकी चालते, फिश टँकवाल्यांकडे ती स्वस्तात सुटते. कडा घासलेल्या आहेत का बघा. रिकामीच पंचवीस किलोच्या आसपास भरेल, उचलायला दोघं लागतील.

दुसरा पर्याय १०० लिटरच्या पुढचा प्लास्टिकचा साठवणीचा डबा. झाकणात आणि एका लांब बाजूला खिडक्या कापायच्या, काठ चार-पाच सेंमी सोडून. हार्डवेअरच्या दुकानात ६ मिमी चौकोनाची वेल्डेड जाळी मिळते, ती आतून लावायची, ४ मिमीचे नटबोल्ट आणि दोन्हीकडून रुंद वॉशर. गोंद लावू नका, कुरतडला जातो. बोल्ट आठ-दहा सेंमीवर एक. प्लास्टिकची कापलेली कड दातांना मोकळी सापडली की तिथूनच तो बाहेर पडणार, म्हणून जाळी कडेच्या आत दोन सेंमी तरी आली पाहिजे. बाजूची खिडकी अंथरुणाच्या पातळीच्या वर.

आणि तारेच्या पिंजऱ्याचा हवेशीरपणा ४० अंशाला काही उपयोगाचा नाही. त्यातून आत येते ती लूच. खोल अंथरुणाचा थर बाहेरची उष्णता आत पोचू देत नाही, दुपारी तो तळाशी जाऊन झोपतो.

वर्धारोड | ५ एप्रिल, रात्री १०:५१

जाळीचं झाकण आणि पसरट टाकी मान्य. तरी खोलीचं तापमान आटोक्यात नसेल तर खोल अंथरूण एकट्याने तारणार नाही, हे ठळक लिहा.

उकाडा | ६ एप्रिल, सकाळी ७:४०

लिहितो, सविस्तरच.

हॅमस्टरला १८ ते २४ अंश बरं. ३० च्या वर धोका सुरू होतो, त्याला घाम येत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरची खोली रात्री दहालाही तापलेली असते. म्हणून पहिलं काम जागेचं. टाकी गच्चीखालच्या खोलीत नको, पश्चिमेच्या भिंतीला नको, खिडकीजवळ नको. तळमजल्याची किंवा मधली खोली, शक्य तितकं जमिनीलगत. टाकीजवळ एक साधा थर्मामीटर ठेवा, अंदाजावर चालू नका.

एसी असेल तर २५-२६ वर ठेवा, झोत टाकीवर नको. कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत चांगलं काम करतो, पण हवा ओलसर करतो. टाकी थेट झोतात ठेवली तर अंथरूण दमट होतं, मूत्राचा कोपरा वाळत नाही आणि अमोनिया जास्त सुटतो. कूलर खोलीच्या एका टोकाला, टाकी दुसऱ्या, आणि समोरची खिडकी उघडी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कूलरने गारवा येत नाही, नुसता दमटपणा येतो. तेव्हा पंखाच बरा.

लाइट गेल्यावर: अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी गोठवून, जुन्या मोज्यात घालून टाकीच्या एका कोपऱ्यात. एकाच कोपऱ्यात, त्याला दूर जाता आलं पाहिजे. तीन-चार तासांनी बदलायची. कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा फ्रिजमध्ये गार करून ठेवला तर तो त्यावर पोट टेकून पसरतो. अक्षय तृतीयेच्या सुमाराला कुंभारांकडे नवी मडकी येतात. बिनरंगाचं लहान गाडगं तासभर पाण्यात ठेवून, पुसून, फरशीच्या तुकड्यावर आडवं ठेवा. थेट अंथरुणावर ठेवलं तर खाली बुरशी येते. तोंड सात सेंमीपेक्षा अरुंद नको, गाल भरलेला सीरियन अडकतो.

अंग सैल पडलेलं, तोंडातून लाळ, श्वास भराभर, अशी लक्षणं दिसली तर उष्माघात समजा. गार खोलीत न्या, साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने कान आणि पंजे पुसा, शुद्धीवर असेल तर ओठांशी पाण्याचा थेंब धरा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्याने जीव जातो. आणि लगेच डॉक्टर.

तर्रीपोहे | ६ एप्रिल, सकाळी ९:१५

आणि ते प्लास्टिकचे पारदर्शक गोळे, ज्यात टाकून घरभर सोडतात?

उकाडा | ६ एप्रिल, सकाळी ९:३१

उन्हाळ्यात तर मुळीच नाही. आत हवा कोंडते, फटीत नखं अडकतात, त्याला वास घेता येत नाही आणि आपणहून बाहेर येता येत नाही. इतर ऋतूंतही नको.

संत्राबर्फी | ६ एप्रिल, दुपारी १:२०

वाळूबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही. सफाईचं निम्मं काम वाळूच करते. बहुतेक हॅमस्टर वाळूचं भांडं मिळालं की तिथेच मुततात, आणि त्याच वाळूत लोळून केस स्वच्छ ठेवतात. त्यांना पाण्याने अंघोळ कधीही घालायची नसते. केसांमधलं तेल जातं आणि अंग गारठतं.

काचेचं किंवा चिनीमातीचं पसरट भांडं, २० × ३० सेंमी, पाच-सहा सेंमी उंच काठाचं. तीन सेंमी वाळू. बाजारात ‘बाथ पावडर’ मिळते ती पिठासारखी असते, फुप्फुसात जाते, नको. कॅल्शियमची वाळू ओली झाली की गोळा होते, तीही नको. कन्हानची वाळू बांधकामासाठी सगळीकडे मिळते, ती तयार करून घ्या. आधी जाड चाळणीने खडे काढा. मग मैद्याच्या चाळणीने धूळ काढा, चाळणीच्या वर उरेल ती ठेवा, खाली पडेल ती टाका. बादलीत घालून पाणी निवळ येईपर्यंत धुवा, आठ-दहा पाणी लागतात. उन्हात वाळवा. लोखंडी कढईत अर्धा तास भाजा किंवा ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्धा तास. पूर्ण गार झाल्याशिवाय आत ठेवू नका. मुठीतून सोडताना धूर उडाला तर अजून धुवायला हवी.

रोज रव्याच्या चाळणीने लेंड्या आणि मूत्राचे गोळे काढा. दहा-पंधरा दिवसांनी वाळू बदला. जुनी वाळू पुन्हा धुऊन भाजली तर चालते. भांडं अंथरुणावर ठेवू नका, खालून तो खणतो आणि भांडं त्याच्या अंगावर बसतं. चार पायांच्या फळीवर ठेवा, पाय टाकीच्या तळाला टेकलेले. चाकासाठीही तशीच फळी.

शंकाकुशंका | ६ एप्रिल, दुपारी २:०५

भांड्यात मुततच नसेल तर?

संत्राबर्फी | ६ एप्रिल, दुपारी २:११

तो जिथे मुततो तिथे भांडं न्या. त्याने कोपरा निवडलाय, आपण फक्त ऐकायचं. ओल्या अंथरुणाची चिमूट वाळूत टाकून ठेवा, तेवढ्याने बहुतेकांना कळतं.

लिंबोणी | ६ एप्रिल, रात्री ८:४५

आता कंटाळ्याकडे वळू या, तो भाग मागे पडला.

वाटीत खाणं देणं हे कंटाळ्याचं पहिलं कारण. निसर्गात त्याचा जागेपणीचा बराच वेळ दाणे हुडकण्यात आणि साठवण्यात जातो. वाटीत दोन मिनिटांत गाल भरले की बाकी रात्र रिकामी. वाटी काढून टाका. दिवसाचं धान्य, सीरियनला दीड ते दोन चहाचे चमचे, अंथरुणावर विखरा, थोडं गवतात, थोडं पुठ्ठ्याच्या नळीत घालून दोन्ही तोंडं मुडपा. एक-दोन दाणे वाळूतही. तो हुंगत हुंगत सगळं शोधतो.

विदर्भात राहण्याचा एक मोठा फायदा आहे, कणसं. ज्वारीचं, बाजरीचं पिकलेलं वाळकं कणीस, राळ्याच्या लोंब्या, जवसाच्या बोंडांसकट काड्या हे सगळं अंथरुणात उभं खोचायचं. तो काडी ओढतो, मोडतो, दाणे सोलतो, पुरतो. जवस तेलकट, आठवड्याला एक-दोन काड्या पुरेत. दोन खबरदाऱ्या. कोवळी हिरवी ज्वारी देऊ नका, तिच्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, गुरंही त्याने दगावतात. आणि घरच्या साठवणीतलं धान्य देताना त्याला बोरिक पावडर चोळलेली नाही ना, डब्यात पारद टिकडी नाही ना, हे पाहा. हॅमस्टरसाठीचं धान्य वेगळं आणा. दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की सोंडे आणि माइट मरतात, औषधाची गरज पडत नाही. गवतालाही हेच करा.

चावायला पेरूची किंवा तुतीची फांदी, फवारणी न झालेल्या झाडाची, घासून धुऊन उन्हात कडक वाळवलेली. अंड्यांचे कागदी ट्रे, छपाई आणि टेप नसलेले पुठ्ठ्याचे डबे, त्यांना सात सेंमीची भोकं. घर शक्यतो दोन-तीन कप्प्यांचं, तळ नसलेलं. एका कप्प्यात तो झोपतो, दुसऱ्यात धान्य साठवतो. दर आठवड्याला एखादीच वस्तू बदला किंवा हलवा. सगळं एकदम बदललं की रातकिडाने वर सांगितलेला घोळ सुरू होतो.

तर्रीपोहे | ६ एप्रिल, रात्री ९:२०

संत्र्याची फोड? नागपूरचा हॅमस्टर अन् संत्रं नाही खात, लोक काय म्हणतील!

लिंबोणी | ६ एप्रिल, रात्री ९:३३

संत्राबर्फी माफ करतील, पण लिंबूवर्गीय काहीच नाही, आंबटपणा पोटाला आणि तोंडाला लागतो. फांदीही संत्र्याची नको. कांदा, लसूण, कच्चा बटाटा, टोमॅटोची पानं, चिवडा-फरसाण, चॉकलेट नको. काकडीचा नखाएवढा तुकडा, मेथीची दोन पानं, गाजराचा काप चालेल. उन्हाळ्यात रात्री दिलेलं सकाळी उचला, तो ते साठ्यात नेऊन पुरतो आणि तिथे सडतं. साठा तपासताना ओलं तेवढंच काढा, कोरडे दाणे तिथेच राहू द्या. पूर्ण साठा उचलला तर तो घाबरतो आणि सोबत मिळेल ते गोळा करत सुटतो.

वर्धारोड | ७ एप्रिल, सकाळी ११:००

चाकाचं माप कुणी लिहा. दुकानातली चाकं १४-१५ सेंमीची असतात.

रातकिडा | ७ एप्रिल, सकाळी ११:१८

सीरियनला २८ सेंमी, बुटक्यांना २० सेंमी. कसोटी सोपी: धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे. मान मागे वळली, पाठ धनुकलीसारखी वाकली तर चाक लहान. धावपट्टी सलग हवी, गजांची नको, पाय मध्ये जाऊन मोडतो. कुरकुर वाजत असेल तर आसावर खायच्या तेलाचा एक थेंब, मशीनचं तेल नको.

गोकुळपेठी | ७ एप्रिल, दुपारी १२:४०

मुंग्यांचं काय करायचं? धान्य विखुरलं की लाल मुंग्या येणारच, आणि डासांची कॉइलही लावावी लागते.

मोहफूल | ७ एप्रिल, दुपारी १:३०

चांगली आठवण केलीत. मुंग्यांचा खडू आणि कुठलाही फवारा त्या खोलीत नको, कीटकनाशक छोट्या प्राण्याला लवकर लागतं. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि टाकी भिंतीपासून दहा सेंमी दूर. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले की मुंगी तरंगून पलीकडे जात नाही. पाणी रोज बदला, नाहीतर डासच होतील. कॉइल, द्रवाची मशीन, उदबत्ती, धूप, डांबरगोळ्या, रूम फ्रेशनर हे सगळं दुसऱ्या खोलीत. टाकीवर मच्छरदाणीचं कापड टाका. हॅमस्टर ते ओढून आत घेऊ नये म्हणून जाळीच्या झाकणापासून वर उचलून बांधा.

पाण्याची बाटली रोज ब्रशने धुवा आणि तिच्या नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबून थेंब येतो का पाहा. गोळी अडकली तर भरलेली बाटली असूनही प्राणी तहानलेला राहतो, आणि मे महिन्यात त्याला एक रात्र पुरते. जोडीला चिनीमातीच्या जड वाटीत पाणी फळीवर ठेवा.

अजून एक गोष्ट वेगळी लिहिते कारण ती सफाईत दिसते. शेपटीभोवती ओलं, चिकट, वास येणारं, आणि प्राणी कुबड काढून बसलेला असेल तर तो साधा जुलाब समजून वाट पाहू नका. कोवळ्या वयात, तीन ते दहा आठवड्यांत, जिवाणूमुळे होणारा हा आतड्यांचा आजार दोन-तीन दिवसांत जीव घेतो. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगी डॉक्टरकडे जाणार असाल तर लहान कुरतडणारे प्राणी पाहतात का हे आधी फोनवर विचारा. कुठली अँटिबायोटिक मनाने देऊ नका, पेनिसिलीनच्या कुळातली औषधं हॅमस्टरला मारक ठरतात. अशा वेळी मात्र सगळं अंथरूण फेकायचं, लाकडी सामान टाकायचं, टाकी गरम पाण्याने धुवायची, उकळत्या नको, काच तडकते.

त्रिमूर्तीनगरकर | ८ एप्रिल, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. फिनाइल बंद केलं. ४ × १½ फुटांची टाकी ठरवली आहे. आता मूळ प्रश्नाचा शेवटचा तुकडा: नव्या टाकीत त्याला हलवायचं कसं? आणि तिथेही चावणं सुरू राहिलं तर?

रातकिडा | ८ एप्रिल, रात्री १०:३०

हलवताना जुना भुसा पूर्ण टाकू नका. त्याच्या घरट्यातलं कोरडं, मळकं साहित्य दोन मुठी घ्या आणि नव्या टाकीतल्या घराच्या आत ठेवा. जुनं घर, जुनी नळी न धुता न्या. भुसा धुळीचा आहे, म्हणून ते दोन मुठी पुढच्या दोन आठवड्यांत हळूहळू काढून टाका. संध्याकाळी तो आपणहून उठल्यावर हलवा, दिवसा झोपेतून उठवून नाही. पहिले तीन दिवस हात घालू नका, फक्त पाणी, धान्य आणि ओला कोपरा.

काचेला तारा नाहीत, म्हणून चावणं दिसणार नाही. पण तो कोपऱ्यात उभा राहून काच खरवडतो का, एकाच रेषेत येरझारा घालतो का, हे पाहा. जुनी सवय सुटायला काही आठवडे लागतात. त्यानंतरही चालू राहिलं तर अंथरूण आणखी पाच-दहा सेंमी वाढवा. बाहेर फिरवायची सोय करा: सनबोर्डचे ४५ सेंमी उंच तक्ते टेपने जोडून एक-दीड चौरस मीटरचं रिंगण, आत पुठ्ठे, नळ्या, वाळूचं भांडं. टेप बाहेरच्या बाजूने. रात्री अर्धा-पाऊण तास, तुम्ही शेजारी बसलेले असताना. मे महिन्यात फरशी गार झाल्यावरच.

वर्धारोड | ८ एप्रिल, रात्री १०:४४

पावसाळ्याचंही आत्ताच नोंदवून ठेवा. काचेतून अंथरुणाचे थर दिसतात, ऑगस्टमध्ये रोज टॉर्च मारून पाहायचे. करडे-हिरवे ठिपके किंवा काचेच्या आत बाष्प दिसलं तर तेवढा भाग खणून काढायचा. त्या दोन-तीन महिन्यांत गवत निम्म्यावर आणा, नारळाचा भुसा मुळीच घालू नका.

मोहफूल | ८ एप्रिल, रात्री ११:०२

आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र १० अंशांच्या खाली जाते तेव्हा तो थंडगार, ताठ, निपचित सापडला तर मेला असं ठरवू नका. थंडीने आणि उपासाने तो गुंगीत जातो, श्वास मिनिटाला मोजकेच असतात. हाताच्या उबेत, अंगाशी धरून हळूहळू गरम करा, हीटरसमोर नको. मिशा हलायला लागल्या की कोमट पाण्याचा थेंब द्या.

त्रिमूर्तीनगरकर | ८ एप्रिल, रात्री ११:२०

टाकीवाल्याने जाळीच्या चौकटीला बिजागरी लावून देतो म्हटलंय. मध्ये फट किती चालेल?

उकाडा | ८ एप्रिल, रात्री ११:२६

सीरियनला एक सेंमीपेक्षा जास्त नको, बुटक्यांना सहा मिमी. आणि चौकटीवर दोन कड्या लावून घ्या, एका बाजूची एकच कडी असली तर दुसरा कोपरा तो डोक्याने उचलतो.